पोतेऱ्याखालचं औषध

जगातली नवी बातमी तुळजापुरात सगळ्यांत आधी आमच्या घरात यायची. माझे यजमान तिथल्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. गावात त्यांना मास्तर म्हणत. मीही इथं मास्तरच म्हणते, कारण नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला तेव्हा नव्हती आणि म्हातारपणी ती लावून घ्यायचं काही कारण नाही.

निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली असतील. मास्तरांचं स्वतःचं शिक्षण उर्दूतून झालेलं. शास्त्राचे मराठी शब्द त्यांना नोकरीला लागल्यावर पाठ करावे लागले होते. म्हणून की काय, ते शब्द ते फार जपून, एकेक घास चावल्यासारखे उच्चारत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पटांगणातल्या लिंबाखाली त्यांचं बोलणं असे. विषय ठरलेला, जगातले नवे शोध. पोरं बसत, घरी जायची घाई नसलेले दोनचार मास्तर बसत, नैवेद्य उरकलेले पुजारीही येऊन टेकत. सोलापूरहून येणारं वर्तमानपत्र आणि कुठून कुठून मागवलेली मासिकं, एवढ्यावर हा सगळा कारभार चालायचा.

शुक्रवारी संध्याकाळी त्या बोलण्याची तालीम घरात व्हायची. घरात आम्ही तिघंच, मास्तर, त्यांची आई आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. सासूबाई फुलवाती वळत बसायच्या, मी उद्याची भाजी निवडत असे, आणि मास्तर आमच्यापुढं उभे राहून, हात मागं बांधून, रशियानं आभाळात सोडलेल्या चंद्राबद्दल सांगत. सासूबाईंनी विचारलं, "वरनं त्याला काय काय दिसतंय?" मास्तर म्हणाले, त्याला डोळे नसतात. "मग कशाला सोडलाय?" म्हणून त्या पुन्हा वातीकडं वळल्या. एकदा परदेशातल्या आकडेमोड करणाऱ्या यंत्राची गोष्ट झाली. खोलीभर मोठं यंत्र, हजार माणसांचं गणित ते निमिषात करतं आणि कधी विसरत नाही. मी म्हटलं, "असलं एखादं आपल्या घरात आणा, मीठ आणायचं तरी ध्यानात राहील." मास्तर मोकळेपणानं हसले. हसणं त्यांचं छान होतं.

त्यांच्या सगळ्या बोलण्यांत गावाला सगळ्यांत आवडलं ते डासाचं. सरकारनं हिवताप देशातून घालवायचं मनावर घेतलं होतं आणि त्यासाठी घरोघर डीडीटी फवारायची होती. लोकांना वाटायचं, औषध मारलं की डास पळून जातो. मास्तर सांगत, नाही. त्यातली खुबी वेगळी आहे. डास माणसाचं रक्त पितो, जड होतो, त्याला लांब उडवत नाही. मग तो जवळच्या भिंतीवर जाऊन बसतो. औषध त्या भिंतीवर आहे. त्याचे पाय औषधाला लागतात आणि तो मरतो. तो मेला की एकाचा ताप दुसऱ्याला जात नाही. "म्हणजे औषध डासाला नाही, भिंतीला द्यायचं आहे," असं म्हणून मास्तर थांबत आणि लोकांकडं बघत. "आणि म्हणून, फवारणी झाल्यावर भिंत सारवायची नाही, रंगवायची नाही. महिनोन् महिने औषध तिथं जागं असतं."

श्रावणात फवारणीवाले आले. खाकी कपडे, बादलीत उभा केलेला पंप, एकानं दांडा हाणायचा आणि दुसऱ्यानं नळी धरायची. गल्लीत बाया दारं लावून घेत होत्या. सोवळ्यातल्या घरात हे लोक चुलीपर्यंत येणार, देवघरात फवारणार, म्हणून आरडाओरडा चालला होता. मास्तरांनी शाळेतून सुट्टी घेतली आणि दारोदार हिंडून समजूत काढली. पहिलं घर आमचं दिलं. सासूबाईंनी देव टोपलीत घालून वर माळवदावर नेऊन ठेवले आणि पोराच्या शब्दाखातर देवघर मोकळं करून दिलं. भिंतींवर पाण्याचे ओघळ उमटले आणि वाळल्यावर त्यांच्या राखी खुणा राहिल्या. उग्र वास आठवडाभर घरात होता. ढेकूण मेले, त्यामुळं गल्लीतल्या बाया खूश झाल्या आणि मास्तरांना मान मिळाला.

मला तेव्हा सहावा महिना लागायचा होता. पहिलंच होतं. नवरात्र उरकलं की बाळंतपणाला मुरुमला माहेरी जायचं ठरलं होतं. आईनं तिकडं लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतलीसुद्धा होती.

भाद्रपदात पौर्णिमा झाली आणि गावानं दसरा काढायला घेतला. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्याकडं दसरा काढणं म्हणजे घट बसायच्या आधी घर आतून बाहेरून झाडून, धुऊन, सारवून काढणं. वाकळा, गोधड्या गाठोड्यात बांधून पाण्यावर न्यायच्या, भांडी चिंचेनं घासायची, आणि भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा द्यायचा. भिंत काळवंडलेली ठेवून घट बसवणं म्हणजे देवीला उष्टं ताट वाढण्यासारखं. तुळजापुरात तर देवी सख्खी. तिच्या घरी लगीन असावं तसं अख्खं गाव लगबगीत असतं.

आमच्या घरी पोतेरा मास्तर देत. सासरे गेल्यापासून ते काम त्यांच्याकडंच होतं, कारण भिंतीच्या वरच्या भागापर्यंत बाईचा हात पोचत नाही. रविवारी ते धोतर खोचून उभे राहिले. मी माती भिजवून दिली नाही, मला वाकू देत नव्हते. त्यांनीच भिजवली, कापडाच्या बोळ्यानं फासली, सोपा, माजघर, देवघर, आमची निजायची खोली. खाली तांबड्या कावेचा पट्टा ओढला. पट्टा सरळ आला म्हणून लांब उभं राहून बघितला. सासूबाई म्हणाल्या, "घर कसं लख्ख झालं बग." मला घरात उजेड वाढल्यासारखं वाटलं आणि बरंही वाटलं.

त्यानंतर देवीची निद्रा लागली. घटस्थापनेच्या आधी देवी पलंगावर निजते, आणि ती पलंगावर असते तोवर आमच्या घरात कुणी पलंगावर किंवा गादीवर निजत नाही. सगळ्यांनी भुईवर घोंगडी टाकून पडायचं. मास्तरांनी लग्नानंतर सोलापूरहून मच्छरदाणी आणली होती, ती पलंगाच्या दांड्यांना बांधलेली असायची. पलंग भिंतीला उभा केला तेव्हा ती घडी घालून फडताळात गेली. यात कुणी काही विचार केला नाही. दरवर्षी असंच होतं.

घट बसले. पंचमीच्या दिवशी दुपारी मला हुडहुडी भरली. अंगावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळा टाकल्या तरी दात वाजत होते. मग अंग भाजायला लागलं. दुसऱ्या दिवशी हिवताप खात्याचा माणूस बोट टोचून काचेवर रक्त घेऊन गेला आणि गोळ्या देऊन गेला. मी गोळ्या घेतल्या, त्या उलटून पडल्या. अष्टमीला मला माणसं ओळखू येईनात. एक वैद्य म्हणाले, उस्मानाबादेला न्या.

इथं एक अडचण आली. घटापुढं नंदादीप असतो. तो नऊ दिवस विझू द्यायचा नसतो आणि एकटाही सोडायचा नसतो. घरातल्याच माणसानं त्यात तेल घालायचं. बाईच्या अशा दुखण्यात बाईच सोबत हवी म्हणून सासूबाई माझ्याबरोबर निघाल्या, आणि मास्तर दिव्यापाशी राहिले. आम्हाला मोटारीत बसवून देऊन ते परत गेले. मला हे नंतर सांगितलेलं. मला आठवतं ते एवढंच की खिडकीची सळई थंड होती आणि मी तिला गाल लावला होता.

दवाखान्यात सातव्या महिन्यातच मी मोकळी झाले. शुद्धीवर आले तेव्हा खिडकीतून संध्याकाळचं ऊन येत होतं आणि सासूबाई खाटेपाशी बसल्या होत्या. मी पोटावर हात नेला. त्या म्हणाल्या, "मेलेलंच आलं, पोरी. मुलगा व्हता. बगायला काय उरलं न्हाय." दवाखान्यातल्या माणसानं त्याला नेऊन पुरलंही होतं. मास्तर दसऱ्याच्या दिवशी आले, त्यांनाही तेच सांगितलं. ते माझ्या पायाशी उभे राहिले. सोन्याची पानं त्यांच्या खिशात तशीच होती, गावात कुणीतरी दिलेली. डॉक्टर म्हणाले, हिवताप फार चढला होता, ही वाचली हेच पुष्कळ समजा.

मला काही वाटलं नाही. हे खरं लिहायचं म्हणून लिहिते. आयाबाया भेटायला आल्या, रडल्या, मी त्यांच्याकडं बघत होते. दूध आलं, ते आटवायला सासूबाईंनी मोगऱ्याच्या कळ्या बांधल्या, मी बांधू दिल्या. आई मुरुमहून आली आणि दुपटी गाठोड्यातच ठेवून परत गेली. बारसं झालं नव्हतं, तोंड पाहिलं नव्हतं, सुतकही धरलं नाही. रडायला काहीतरी धरावं लागतं, माझ्या हातात तसं काही नव्हतं. मी भाकरी थापत होते, पाणी भरत होते, विचारलं तर उत्तर देत होते. लोक म्हणत, सून धीराची आहे. मला त्या शब्दाचा राग यायला हवा होता, पण तोही आला नाही.

दिवाळीनंतर मास्तरांना बेंबळीहून बोलावणं आलं. तिथं फवारणीला लोक तयार नव्हते, तुमचं ते डासाचं ऐकवा म्हणाले. आदल्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणं तालीम केली. भर दुपार होती. मी ज्वारीतले खडे निवडत होते, सासूबाई बाहेर ओट्यावर होत्या. मास्तर हात मागं बांधून बोलत होते. डास रक्त पितो. जड होतो. जवळच्या भिंतीवर जाऊन बसतो. औषध भिंतीला द्यायचं आहे. "आणि म्हणून, फवारणी झाल्यावर भिंत..."

ते थांबले. मला वाटलं शब्द आठवेना. मी वर बघितलं तर ते भिंतीकडं बघत होते. ते पुढं गेले आणि अंगठ्याच्या नखानं त्यांनी पोतेरा खरडला. पांढऱ्या मातीचा पापुद्रा निघाला. खाली श्रावणातल्या ओघळाची राखी खूण होती. त्यांनी आणखी खरडलं. भुईवर पांढरा चुरा पडत होता.

आवाज ऐकून सासूबाई आत आल्या. "काय करतोस रं? भित कशापायी खरडतोस?"

"आई, औषध खाली राहिलं," मास्तर म्हणाले. "मी वरून माती फासली."

सासूबाईंना समजायला थोडा वेळ लागला. त्यांनीही ते बोलणं पुष्कळदा ऐकलेलं होतं, वाती वळता वळता. मग त्या म्हणाल्या, "तुला तर ठावं व्हतं की. तवाच का बोलला न्हाईस?"

"ध्यानात आलं नाही."

"आं?"

"ते शाळेतलं होतं, आई. हे घर होतं. ध्यानातच आलं नाही माझ्या."

ते खाली बसले, चुऱ्यावरच. मी म्हटलं, कुणास ठाऊक, डास गल्लीतला असेल, नळदुर्गकडून आलेल्या एखाद्या यात्रेकरूचा असेल, अख्ख्या गावानं पोतेरा दिला होता, आणि मच्छरदाणी तर आपण सगळ्यांनी काढली. हे मी त्यांचं सांत्वन करायला म्हटलं नाही. जे होतं ते म्हटलं. ते म्हणाले, "नाही." एवढंच. मी पुन्हा ज्वारीत हात घातला. त्यांची कीव यावी असं आतून वाटत होतं, पण येत नव्हती, आणि रागही येत नव्हता. आपल्याला काहीतरी झालं आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी ते बेंबळीला गेले आणि बोलून आले. मला वाटलं होतं जाणार नाहीत. तिथं काय बोलले ते मी विचारलं नाही. शनिवारचं बोलणंही त्यांनी सोडलं नाही. फक्त घरातली तालीम बंद झाली, आणि संध्याकाळी सासूबाईंच्या वातींचा तेवढा आवाज, म्हणजे काहीच नाही, असा तो काळ गेला.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी मला पुन्हा दिवस गेले. मी कुणाला सांगितलं नाही, सासूबाईंनी ओळखलं. त्यांनी मास्तरांना सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी मच्छरदाणीला नवे बंद लावले. श्रावणात फवारणीवाले आले. कुणी सांगायच्या आत सासूबाईंनी देव माळवदावर नेले. भाद्रपद लागला. पौर्णिमा झाली. गल्लीत पांढरी माती भिजू लागली, दोऱ्यांवर वाकळा वाळू लागल्या. आमच्या घरात धुणं झालं, भांडी झाली. भिंतींचं कुणी नाव काढलं नाही. मास्तर रविवारी सकाळी घराबाहेर पडले ते जेवायलाच आले. भिंतींवर ओघळांच्या खुणा तशाच होत्या, लख्ख घरांच्या रांगेत आमचंच घर आजारी दिसत होतं.

शेवटी सासूबाईंची चुलत जाऊ आली. भिंतीला भिंत लागून तिचं घर, भावकीतली मोठ्या तोंडाची बाई. मी आत चुलीपाशी होते. ती ओट्यावरूनच बोलायला लागली.

"आक्का, अमावास्या तोंडावर आली. पोतेरा कवा देणार? पोरगं देत नसंल तर आमचा गडी लावून देते."

"यंदा न्हाय द्यायचा," सासूबाई म्हणाल्या.

"न्हाय? अन घट?"

"घट बसवीन. भितीला हात लावायचा न्हाय."

"त्या डीडीटीपायी का? मास्तरानं सांगितलं व्हय? आक्का, देवीपरीस ते पंपवालं मोठं झालं का? भावकीत लोक काय म्हणतील?"

मला वाटलं सासूबाई डासाचं सांगतील. त्यांना ते सगळं पाठ होतं. पण माझ्या दिवसांचं त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं, आणि डासाच्या नावावर ही बाई गप्प बसणारी नव्हती, हे त्या जाणून होत्या. 

"आमच्यात सणाचा थाट न्हाय यंदा," त्या म्हणाल्या. "घरातलं माणूस गेलंय. वरीस व्हायचंय अजून."

"कोण गेलं?" जावेला खरंच कळेना. "आमी भावकीतले, आमाला सुतक न्हाय, अन तुमच्यात कोण गेलं?"

"माझा नातू."

"अगं बया. मेलेलं जन्मलं, त्याचं कुठं वरीस धरतात व्हय? असं कुठं असतं का आक्का?"

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.  सासूबाईंचा आवाज मोठा नव्हता, पण सगळं नीट ऐकू आलं.

"मेलेला न्हवता जन्मला. दुपारपातुर व्हता. माझ्या मांडीवर व्हता. म्या पोरीला खोटं सांगितलं, आधीच तापानं मेल्यागत झालती म्हणून. माणूस व्हता त्यो. त्याचं वरीस मी धरलंय, तुमी धरा नायतर नका धरू."

 जाऊ ओट्यावरून उतरून गेली. शेजारी तिच्या दाराची कडी वाजेपर्यंत मी चुलीपुढं बसून होते. मग उठून दारात आले. सासूबाई ओट्यावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी मागं उभी आहे हे त्यांना कळलं होतं, तरी त्या वळल्या नाहीत.

मी विचारलं, "आत्याबाई, रडला होता का तो?" माझा आवाज मला ओळखू आला नाही. वर्षभरानं कुठूनतरी तो फुटून येत होता.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्या तुला लई हाका मारल्या, पोरी. तू जागी झाली न्हाईस."